अ‍ॅनिमे आणि मांगा : कोणाला काय सुचवावे आणि कुठून सुरू करायला सांगावे

"एखादं चांगलं अ‍ॅनिमे सांग की," हा प्रश्न अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) पाहणाऱ्या माणसाला कोल्हापुरात आता वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा कधी राजारामपुरीतील शिकवणीहून परतणारा अकरावीचा विद्यार्थी असतो, कधी त्याची आई असते, जिला मुलगा खोलीचे दार लावून नेमके काय पाहतो हे समजून घ्यायचे असते, तर कधी निवृत्तीनंतर मोबाइलवर काही निराळे पाहू इच्छिणारे शेजारचे काका असतात. तिघांनाही बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे लोकप्रियतेच्या क्रमाने लावलेली दहा-बारा नावांची यादी. यादी मिळालेला माणूस पहिले नाव उघडतो, दोन भाग पाहतो आणि हे आपल्यासाठी नाही असे ठरवून मोकळा होतो. मालिका वाईट नसते आणि पाहणाराही अरसिक नसतो. यादी करताना त्याचा विचारच झालेला नसतो. म्हणून सुचवणाऱ्याने एका माणसाला एका वेळी एकच मालिका सांगावी, ती त्याला आधीपासून आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीला धरून निवडावी, आणि ती कुठून सुरू करायची, कितव्या भागापर्यंत धीर धरायचा व कुठे दचकायला होईल हे सांगितल्यावाचून नाव देऊ नये.

आधी काय विचारावे

"तुला कोणत्या प्रकारचं अ‍ॅनिमे आवडतं?" असे नवख्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण ते त्याला ठाऊक असते तर तो आपल्याकडे आलाच नसता. त्याऐवजी अ‍ॅनिमे सोडून इतर काय आवडते ते विचारावे: कोणता चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, कोणते पुस्तक जागून संपवले, कोणत्या संघाचा सामना चुकवत नाही. त्यानंतर तो एकटा पाहणार की घरच्यांसमवेत, हे विचारावे. हॉलमधल्या एकाच टीव्हीसमोर आजी आणि सातवीतली बहीणही बसणार असेल, तर निम्मी नावे तिथेच गळून पडतात.

तिसरा प्रश्न वेळेचा आहे आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. अ‍ॅनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो आणि त्यातील सुमारे तीन मिनिटे सुरुवातीच्या व शेवटच्या गाण्यात जातात. जपानी दूरचित्रवाणीवर नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत सुरू होतात व एका तिमाहीत बारा-तेरा भाग बसतात, म्हणून आजच्या बहुतेक मालिकांचे हंगाम १२ किंवा २४ भागांच्या आसपास असतात. बारा भागांची मालिका पाच तासांच्या आत संपते. 'डेथ नोट'चे ३७ भाग पंधरा तासांचे होतात, 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड'चे ६४ भाग पंचवीस तासांच्या पुढे जातात, आणि ११०० भाग ओलांडून गेलेली 'वन पीस' पाहायची तर रोज एक तास देऊनही वर्ष पुरत नाही. बारावीच्या वर्षात असलेल्या मुलाला 'वन पीस' सुचवणे हा त्याच्या घरच्यांशी वैर पत्करण्याचा प्रकार आहे.

'शोनेन' (किशोरांसाठी), 'सेइनेन' (तरुणांसाठी) या शिक्क्यांवर विसंबू नये. मालिकेची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोणत्या वाचकवर्गाच्या नियतकालिकात छापली गेली, एवढेच ते शिक्के सांगतात. आत काय आहे ते सांगत नाहीत. रबरासारखा ताणला जाणारा समुद्री चाचा नायक असलेली 'वन पीस' आणि वहीत नाव लिहून माणसे मारणाऱ्या विद्यार्थ्याची 'डेथ नोट' या दोन्ही मालिका 'वीकली शोनेन जंप' या एकाच साप्ताहिकातल्या आहेत. त्यामुळे 'शोनेन आहे, म्हणजे मुलांना चालेल' हे उत्तर पालकांना देऊ नये.

'ही तर कार्टून्स,' असे म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालत बसण्याची गरज नाही. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर 'जंगल जंगल बात चली है' लागले की जी पिढी टीव्हीसमोर बसत होती, ती अ‍ॅनिमेच पाहत होती. गाणे गुलजारांचे असले, तरी मोगलीची ती मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये सुरू केलेली, ५२ भागांची होती. युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा जपानी-भारतीय चित्रपटही नव्वदच्या दशकाच्या आरंभीचा. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता. एवढे सांगितले की पुढचे बोलणे सोपे जाते.

कोल्हापूरकरांच्या आवडींना धरून

ज्या गावात पेठेचा संघ हरला की दोन दिवस कट्ट्यावर शांतता असते, तिथे पहिली मागणी फुटबॉलची येणार हे उघड आहे. शाळकरी मुले 'ब्लू लॉक'चे नाव घेत येतात. ती त्यांनी पाहावी. पण छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सामने पाहिलेल्या माणसाला मी आधी 'आओ आशी' सुचवीन. युगो कोबायाशी यांची ही मांगा २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिचे २४ भागांचे अ‍ॅनिमे २०२२ मध्ये आले. एहिमे प्रांतातला एक आडदांड मुलगा टोकियोतल्या व्यावसायिक क्लबच्या युवा संघात दाखल होतो, एवढीच सुरुवात आहे. परंतु मालिका ज्या बारकाईने खेळ समजावते, तशी क्वचितच कोणी समजावली असेल: चेंडू पायाशी येण्यापूर्वी मान वळवून मागे पाहणे, पास देऊन लगेच रिकाम्या जागेत सरकणे, तिघांनी त्रिकोण राखणे, मैदान वरून पाहिल्यासारखे डोक्यात ठेवणे. बचावपटू असलेल्या मुलाला तर ती आवर्जून दाखवावी. नायक पहिल्या काही भागांत इतका उद्धट वागतो की त्याचा राग येतो, हे आधीच सांगून ठेवावे आणि हंगामाच्या मध्यापर्यंत तरी थांबायला सांगावे. तिथे कथेला जे वळण मिळते ते मात्र कितीही मोह झाला तरी फोडू नये.

'ब्लू लॉक'ची कल्पनाच मुळी सांघिक खेळाच्या विरोधात उभी आहे. जपानला विश्वविजेता करील असा एक स्वार्थी आघाडीवीर घडवायचा म्हणून ३०० तरुण खेळाडू एका इमारतीत कोंडले जातात आणि हरणारे एकेक करून बाहेर पडतात. वेग, ईर्ष्या आणि चढवलेला आवाज ज्यांना हवा त्यांना ती पहिल्या भागातच पकडते. २०२२ मध्ये सुरू झालेला २४ भागांचा पहिला हंगाम पाहण्यासारखा आहे. १४ भागांच्या दुसऱ्या हंगामात मात्र पुष्कळ ठिकाणी स्थिर चित्रांवरच भागवलेले आहे, म्हणून पुढची कथा मांगात वाचायला सांगावी, कारण युसुके नोमुरा यांची रेखाटने कागदावर अधिक धावतात. १९८१ पासूनची 'कॅप्टन त्सुबासा' इतिहास म्हणून महत्त्वाची आहे. आजच्या मुलाला पहिली मालिका म्हणून ती देऊ नये.

तालमीत जाणाऱ्या किंवा खासबागेत कुस्त्या पाहत मोठ्या झालेल्या माणसासाठी 'हिनोमारू सुमो' ही सहसा कोणी न सुचवणारी मालिका आहे, आणि नेमकी म्हणूनच ती सुचवावी. सुमोचा आखाडा मातीचा असतो, पवित्र मानला जातो आणि लढतीपूर्वी त्यात मीठ उधळले जाते; ताक, हळद, तेल घालून मळलेल्या लाल मातीला नमस्कार करून उतरणाऱ्या पैलवानाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. व्यावसायिक सुमोत वजनगट नसतात. मालिकेचा नायक त्या खेळाच्या तेव्हाच्या किमान उंचीच्या अटीतही बसत नाही आणि तरी सर्वोच्च पदाचे स्वप्न पाहतो, यातून २४ भागांची कथा उभी राहते. मल्लांच्या अंगावरील लंगोटासारख्या वस्त्राने इतर शहरांतला प्रेक्षक थोडा बुजतो; कोल्हापुरात तो प्रश्न उद्भवू नये. ज्याला याहून लांब पल्ल्याचे हवे, त्याला जॉर्ज मोरिकावा यांची 'हाजिमे नो इप्पो' द्यावी. १९८९ पासून चालू असलेल्या या मांगाचे २००० मध्ये सुरू झालेले पहिले अ‍ॅनिमे ७५ भागांचे आहे. आईला मासेमारीच्या नावेच्या धंद्यात मदत करणारा, शाळेत मार खाणारा एक लाजाळू मुलगा मुष्टियुद्धाकडे वळतो. त्याच्या सरावाचे, वजन उतरवण्याचे आणि भीतीचे वर्णन कोणत्याही वस्तादाला पटेल असे आहे. मुले 'बाकी' ही हाणामारीची मालिकाही मागतात, पण तिथला रक्तपात पाहता ती मोठ्यांसाठी राखून ठेवावी.

माझ्या मते कोल्हापूर जिल्ह्यासाठीच जणू लिहिलेली मालिका मात्र खेळाची नाही. हिरोमु अराकावा यांचे नाव 'फुलमेटल अल्केमिस्ट'मुळे जगभर झाले. त्यानंतर त्यांनी २०११ ते २०१९ या काळात 'सिल्व्हर स्पून' लिहिली, ती १५ खंडांत पूर्ण झाली आणि तिचे प्रत्येकी ११ भागांचे दोन हंगाम २०१३ व २०१४ मध्ये आले. अराकावा स्वतः होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबात वाढल्या, कृषी शाळेत शिकल्या आणि चित्रकार होण्यापूर्वी सात वर्षे घरच्या गोठ्यात राबल्या. मालिकेचा नायक हाचिकेन हा शहरातल्या गुणांच्या शर्यतीत आणि वडिलांच्या अपेक्षांखाली पिचलेला मुलगा असून घरापासून दूर जायचे एवढ्याच कारणाने तो कृषी शाळेत दाखल होतो. पहाटे चारला उठणे, धारा काढणे, घोड्यांची निगा, कर्जात बुडणारा मित्राचा गोठा, दुधाचा दर आणि मोठ्या डेअऱ्यांपुढे टिकू न शकणारी लहान कुटुंबे, हे सारे विनोदाच्या अंगाने येत राहते आणि हळूहळू गंभीर होत जाते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात, जिथे घराघरांत कोणी ना कोणी म्हशी पाळलेल्या आहेत किंवा पाळणाऱ्याच्या नात्यात आहे, ही मालिका वडील आणि मुलगा एकत्र बसून पाहू शकतात. आपल्या गोठ्यात काय निराळे आहे यावर वडील मधे मधे टिप्पणी करतील, ती ऐकून घ्यावी. एक इशारा आवश्यक आहे: कत्तलीचा विषय इथे टाळलेला नाही. कोंबडी कापण्याचे दृश्य अगदी आरंभीच येते आणि पुढे नायक स्वतः नाव ठेवून वाढवलेल्या डुकराचे काय होणार हा प्रश्न अनेक भाग पुरतो. शाकाहारी घरात हे आधी सांगावे. बऱ्याचदा तेवढे सांगितल्यावर विरोध होत नाही, कारण मालिका त्या प्रश्नाकडे पाठ फिरवत नाही.

चित्रपटांच्या वेडापायी ओळखले जाणारे जुने कोल्हापूरकर अ‍ॅनिमेकडे वळतील असे सहसा कोणाला वाटत नाही. त्यांना सातोशी कोन यांचा २००१ चा 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' हा दीड तासाहूनही लहान चित्रपट दाखवून पाहावा. एका जुन्या स्टुडिओच्या इमारती पाडल्या जात असताना तिथल्या निवृत्त नायिकेची मुलाखत घ्यायला माहितीपट करणारे दोघे जातात, आणि तिच्या आठवणी व तिचे चित्रपट एकमेकांत असे मिसळत जातात की मुलाखत घेणारेच त्या दृश्यांत शिरतात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे आणि १९२९ मध्ये इथेच स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभातचे किस्से सांगणाऱ्यांना, किंवा जयप्रभा स्टुडिओच्या आठवणीने हळहळणाऱ्यांना, या कथेत शिरायला वेळ लागणार नाही. नाटक, शाहिरी, कथाकथन यांत रमणाऱ्यांना 'शोवा गेनरोकू राकुगो शिंजू' सांगावी. गादीवर गुडघे टेकून बसलेला एकच कलावंत, हातात केवळ पंखा आणि रुमाल, आणि सगळी पात्रे आवाजातून उभी करणे, ही राकुगोची रीत आहे. १३ आणि १२ भागांच्या दोन हंगामांत त्या कलेची पडझड आणि दोन गुरुबंधूंमधला मत्सर उलगडतो. ही मालिका संथ आहे व प्रौढांसाठी आहे.

इतर आवडींबाबत थोडक्यात सांगता येईल. रहस्यकथा वाचणाऱ्याला 'डेथ नोट' हमखास चालते; पंचविसाव्या भागानंतर तिची पकड थोडी सैल होते हे सांगून ठेवले की निराशा होत नाही. तेच रहस्य अधिक मुरलेले हवे असेल, तर नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर' आहे. जर्मनीत काम करणारा एक जपानी शल्यविशारद ज्या मुलाचा जीव वाचवतो, त्या मुलापायीच त्याचे आयुष्य कसे बदलते, याची ही ७४ भागांची कथा घाई करणाऱ्यासाठी नाही. सगळ्यांनी मिळून हसायचे असेल तर 'स्पाय एक्स फॅमिली'. ज्यांना लढाईपेक्षा लढाई संपल्यावरची माणसे पाहायला आवडतात, त्यांना 'फ्रीरेन' द्यावी. तिचे पहिले चार भाग जपानमध्येही एकत्रच दाखवले गेले होते, म्हणून ते एका बैठकीत पाहायला सांगावेत. मराठीत लहान-थोर सर्वांनी वाचलेल्या तोत्तोचानवर २०२३ मध्ये जपानमध्ये अ‍ॅनिमे चित्रपट निघाला आहे, हे पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या घरात नुसते सांगितले तरी पुरते.

क्रमाचा घोळ कसा टाळावा

नवखा माणूस सर्वाधिक गोंधळतो तो क्रमामुळे, आणि त्याचे खापर तो मालिकेवर फोडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा मित्रांच्या आग्रहाने थेट चित्रपटगृहात जाऊन बसलेल्यांची अवस्था पंगतीत एकदम ताकभातावर बसवलेल्या पाहुण्यासारखी झाली. त्या कथेचा क्रम असा आहे: आधी २०१९ चा २६ भागांचा पहिला हंगाम, मग 'मुगेन ट्रेन', जी चित्रपट म्हणून किंवा सात भागांच्या मालिकेच्या रूपात, दोन्हींपैकी एकदाच पाहावी, त्यानंतर मनोरंजन वसाहत, तलवार घडवणाऱ्यांचे गाव आणि हाशिरांचे, म्हणजे सर्वांत वरच्या योद्ध्यांचे, प्रशिक्षण हे तीन टप्पे, आणि शेवटी हा चित्रपट, जो स्वतः तीन चित्रपटांतला पहिला आहे.

'फुलमेटल अल्केमिस्ट'ची दोन अ‍ॅनिमे आहेत. २००३ ची ५१ भागांची मालिका सुरू झाली तेव्हा मांगा अपुरी होती, म्हणून तिने स्वतःचा निराळा शेवट शोधला; २००९ ची 'ब्रदरहुड' मूळ २७ खंडांच्या कथेशी प्रामाणिक राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला 'ब्रदरहुड'च सांगावी, आणि तिचे पहिले दहा-बारा भाग घाईघाईने उरकल्यासारखे वाटतील असेही सांगावे. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये तर 'अंतिम हंगाम' हे नाव २०२० ते २०२३ एवढा काळ पुरले. चौथ्या, म्हणजेच या अंतिम, हंगामाचे दोन भागसंच आणि त्यानंतरचे दोन लांबलचक विशेष भाग पाहिल्याशिवाय कथा संपत नाही. 'नारुतो'च्या पहिल्या २२० भागांपैकी १३६ व्या भागानंतरचे बहुतेक सगळे मूळ मांगात नसलेले, म्हणजे भरतीचे आहेत. ते वगळून 'शिप्पूदेन' या पुढच्या मालिकेकडे गेले तरी कथेचा धागा सुटत नाही.

मांगा वाचायला देताना

अ‍ॅनिमे आवडलेला माणूस मांगाकडे वळतो तेव्हा पहिल्याच पानावर अडखळतो. इंग्रजी अनुवादातही मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. पुस्तक आपल्या दृष्टीने शेवटच्या पानाकडून उघडावे, प्रत्येक पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात करावी आणि चौकटीतले संवादही उजवीकडूनच घ्यावेत. दहा-पंधरा पानांत डोळ्यांना सवय होते. ही सवय लावायला संवाद कमी आणि चौकटी मोठ्या असलेले पुस्तक द्यावे. 'डेथ नोट'सारखी शब्दांनी भरलेली मांगा पहिल्या दिवशी देऊ नये. 'सोलो लेव्हलिंग' ही मुळात कोरियन कथा असून ती मोबाइलवर वरून खाली सरकवत वाचायची असते, तिला हा नियम लागू नाही.

संपूर्ण संच विकत घ्यायचा उत्साह कोणी दाखवला, तर त्याला थांबवावे. पहिला खंड मागवावा, तो वाचून दुसरा हवासा वाटला तरच पुढे जावे. शुएशा प्रकाशनाच्या 'मांगा प्लस' या २०१९ पासूनच्या सेवेवर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणे इंग्रजीतून विनामूल्य वाचता येतात, म्हणजे चव घेण्यासाठी खर्चच करावा लागत नाही. विकतच घ्यायचे असेल तर पूर्ण झालेल्या लहान मालिका निवडाव्यात: 'अ सायलेंट व्हॉइस' सात खंडांची आहे, उरासावा यांची 'प्लूटो' आठ खंडांची. घरातल्या वडीलधाऱ्यांना मांगा म्हणजे काय हे दाखवायचे असेल, तर ओसामू तेझुका यांची १९७२ ते १९८३ या काळात लिहिलेली 'बुद्ध' इंग्रजीत आठ खंडांत मिळते. तेझुकांनी तीत पुष्कळ काल्पनिक पात्रे घातली आहेत आणि काही चित्रांत नग्नता आहे. चरित्र म्हणून नव्हे, कादंबरी म्हणून वाचावी, असे देतानाच सांगावे.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांबाबत एक निरीक्षण नोंदवतो. अ‍ॅनिमेच्या इंग्रजी उपशीर्षकांच्या मागे धावताना त्यांची चित्रे पाहायची राहून जातात. मांगात मात्र वाक्ये लहान असतात, चित्र अर्थ सांगते आणि थांबायची मुभा असते. अशा मुलांना आधी मांगा आणि मग अ‍ॅनिमे हा उलटा क्रम अधिक मानवतो.

वय, भाषा आणि पाहण्याची ठिकाणे

अधिकृत ठिकाणे आता पुरेशी आहेत. क्रंचीरोल या अ‍ॅनिमेच्या मंचावर अनेक लोकप्रिय मालिका हिंदीतून ऐकता येतात, नेटफ्लिक्सवर जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे चित्रपट आणि काही मोठ्या मालिका आहेत, आणि यूट्यूबवरील म्यूज एशिया या वाहिनीवर अधिकृत परवान्याने विनामूल्य मालिका लागतात. हक्क बदलले की मालिका एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात, म्हणून सुचवण्यापूर्वी ती त्या दिवशी कुठे आहे ते स्वतः पाहून घ्यावे. चोरीच्या संकेतस्थळांचे पत्ते मुलांना देऊ नयेत. तिथल्या जाहिराती बहुतेक मालिकांपेक्षा अधिक घातक असतात. आजीला उपशीर्षके वाचता येत नसतील, तर हिंदी आवाजाबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही.

वयाबाबत मंचांवर दिलेले यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए हे दर्जे प्रत्येक मालिकेच्या माहितीत दिसतात. ते पालकांना दाखवावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये माणसे खाल्ली जातात, हे एक वाक्य कोणत्याही दर्जापेक्षा स्पष्ट आहे. 'अ सायलेंट व्हॉइस' ही शाळेतल्या छळाची आणि कर्णबधिर मुलीची कथा प्रत्येक शिक्षकाने पाहावी अशी आहे. तीत आत्महत्येचा विषय थेट येतो, त्यामुळे ती कोणाला द्यायची याचा विचार करावा लागतो. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आणि हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' हे दोन चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकाच तिकिटावर दाखवले गेले. आपण लहान मुलांना केवळ दुसरा दाखवावा. पहिला पाहिल्यावर मोठ्यांनाही काही वेळ कोणाशी बोलवत नाही.

हे सारे ध्यानात घेऊन प्रत्यक्ष सुचवताना तीन-चार वाक्ये पुरतात. उदाहरणार्थ, शेती महाविद्यालयात जावे की नाही या विचारात असलेल्या बारावीच्या मुलाला असे सांगता येईल: "'सिल्व्हर स्पून' बघ. बावीसच भाग आहेत, रोज दोन बघितलेस तर अकरा दिवसांत संपतील. सुरुवातीला कोंबडी कापायचा प्रसंग आहे, तेवढा सोस. चौथ्या भागापर्यंत नाही आवडली तर सोड आणि मला सांग काय खटकलं ते." शेवटचे वाक्य वगळू नये. न आवडण्याचे कारण कळले की पुढची निवड अचूक होते: संथ वाटली असेल तर वेगवान, हसू आले नसेल तर गंभीर, आणि चित्रशैलीच रुचली नसेल तर एखादा जिब्लीचा चित्रपट. होकार आला तरी लगेच पाच नावे पुढे ठेवू नयेत. तो स्वतःहून "पुढचं?" म्हणेपर्यंत थांबावे.

'वन पीस'चे काय

कितीही नीट सुचवले तरी प्रत्येक जण कधी ना कधी 'वन पीस'चे विचारतोच. एइइचिरो ओदा यांनी ती जुलै १९९७ मध्ये सुरू केली. अ‍ॅनिमे ऑक्टोबर १९९९ पासून चालू आहे आणि मांगाचे ११० हून अधिक खंड झाले आहेत. ही मालिका वाचत सुरू करावी असे माझे मत आहे, कारण अ‍ॅनिमेत, विशेषतः मधल्या अनेक वर्षांच्या भागांत, एकेक प्रकरण ताणून पूर्ण भागभर पुरवलेले आहे. थांबून ठरवण्याची जागाही ठरलेली आहे: मांगात अकराव्या खंडापर्यंत, अ‍ॅनिमेत ४४ व्या भागापर्यंत आरलाँग या खलनायकाचे प्रकरण पूर्ण होते. तोवर नायकाची सोबतीण नामी हिच्या गोष्टीने जो हलला नाही, त्याला पुढच्या शंभर खंडांचा आग्रह करू नये. आणि जो हलला, त्याला बाराव्या खंडासाठी आपली आठवण होणार नाही, तो रात्रीतच कुठून तरी मिळवील.